माँ ब्लां इटलीच्या बाजूने: गोनेला हट आणि दोम ग्लेशियरची वाट कशी करायची

माँ ब्लां, म्हणजे आल्प्समधलं सगळ्यात उंच शिखर, चढायचंय म्हणून नेटवर शोधायला बसलात की दहातले नऊ लेख एकाच वाटेचे मिळतात, फ्रान्सच्या बाजूने छोट्या ट्रेनने वर जायचं, तेत रूस हट (हट म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर), मग ती दगड कोसळणारी नाळ ओलांडायची, गूते हट, आणि मध्यरात्री हेडटॉर्चच्या रांगेत उभं राहून वर सरकायचं. त्या वाटेला नावं ठेवायची नाहीयेत मला, बहुतेक लोक तिथूनच जातात आणि त्याला कारणं आहेत. पण २०१९ पासून तिथे हटचं बुकिंग दाखवल्याशिवाय वर सोडत नाहीत, ते बुकिंग मिळणं म्हणजे गणपतीत कोकणात जायचं रेल्वेचं तिकीट मिळण्यासारखं आहे, आणि एवढं करून वर शांतता नाहीच. ज्यांना ग्लेशियर खरंच बघायचंय, ज्यांना स्वतःची वाट स्वतः शोधायची हौस आहे, त्यांच्यासाठी डोंगराच्या मागच्या बाजूने, म्हणजे इटलीच्या वाल वेनी खोऱ्यातून एक वाट आहे. मियाज ग्लेशियर, गोनेला हट, दोम ग्लेशियर, मग एक अरुंद बर्फाची धार आणि शेवटी फ्रेंच वाटेला मिळून शिखर.

सुरुवातीलाच सांगतो, या वाटेचा ग्रेड बघून फसू नका. आल्प्सच्या हिशोबात ती पीडी किंवा पीडी प्लस आहे, म्हणजे थोडी कठीण, म्हणजे उभी बर्फाची भिंत वगैरे काही नाही. चढायला ती जमते. प्रश्न परत येण्याचा आहे. ज्या ग्लेशियरवरून तुम्ही रात्री एक वाजता कडक बर्फावरून कुरकुर आवाज करत आरामात वर गेलात, तोच ग्लेशियर दुपारी बाराला भिजलेला असतो आणि भेगांवरचे बर्फाचे पूल मऊ पडलेले असतात. त्यामुळे या वाटेचं प्लॅनिंग उलटं करायचं, आधी उतरायचं कुठून ते ठरवायचं, मग चढायचं कधी ते आपोआप ठरतं. गंमत म्हणजे ही वाट प्रसिद्ध झाली तीच उतरताना. १८९० च्या उन्हाळ्यात आकिले रात्ती नावाचे मिलानचे एक पाद्री आणि त्यांचे मित्र लुइजी ग्रासेल्ली, सोबत गादिन आणि प्रोमाँ हे दोन गाईड, असे चौघे दुसऱ्या एका खडकाळ वाटेने शिखरावर गेले आणि परत येताना या दोम ग्लेशियरवरून इटलीत उतरले. हेच रात्ती पुढे १९२२ मध्ये पोप अकरावे पायस झाले, म्हणून आजही इटालियन लोक या वाटेला पोपची वाट म्हणतात.

आता कोणी जावं. सह्याद्रीत कितीही ट्रेक केले असले तरी ग्लेशियरचा अनुभव त्यात येत नाही, हे मान्य करून चाला. उत्तरकाशीची नीम किंवा मनालीची गिर्यारोहण संस्था, यांचा बेसिक कोर्स केला असेल, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे धातूचे दाते) घालून उतारावर न अडखळता चालता येत असेल, आइस ॲक्सने सेल्फ अरेस्ट, म्हणजे घसरताना स्वतःला थांबवणं, हातात बसलं असेल, आणि क्रेव्हासमध्ये, म्हणजे ग्लेशियरच्या भेगेत, पडलेल्याला वर काढायची पुली सिस्टीम ग्रुपमधल्या किमान दोघांना अंधारात, ग्लोव्हज घालून लावता येत असेल, तर गाईडशिवाय विचार करा. दोघांना म्हणतोय, कारण ज्या एकाला येते तोच आत पडला तर? हे नसेल तर सरळ गाईड घ्या. वाल वेनीच्या पायथ्याच्या कुर्मायर गावची गाईड संस्था १८५० ची आहे, जगातल्या सगळ्यात जुन्या संस्थांपैकी एक, आणि माँ ब्लांवर एक गाईड साधारण दोनच जणांना नेतो, त्यामुळे खर्च मोठा होतो, पण त्याच दोरीला तुमचा जीव बांधलेला असतो.

आपल्याकडून फ्रेंडशिप पीक वगैरे करून आलेल्या लोकांचा एक गैरसमज असतो, की मी ५२८९ मीटर केलंय, ४८०० काय चीज आहे. उंचीचं ठीक आहे हो. पण तिकडे आठवडाभर हळूहळू वर सरकायचं असतं, किचन टेंट असतो, चहा तंबूत येतो, पुढे एक जण पायऱ्या पाडत जातो, कठीण जागी दोर लावलेला असतो. इथे यातलं काही नाही. सॅक तुमची, दोर तुमचा, ग्लेशियरवर वाट शोधणं तुमचं, आणि एका रात्रीत ३०७१ मीटरवरून ४८०० च्या वर जाऊन त्याच दिवशी खाली यायचं. चढ जवळपास साडेसतराशे मीटर, आणि मधल्या चढउतारांमुळे प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्तच. हटवरून शिखरापर्यंत सात ते नऊ तास धरा, आणि नऊच धरा.

सीझन हा या वाटेचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून यावर जरा वेळ घालवतो. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, बस्स. ऑगस्टमध्ये सुट्टी मिळतेय म्हणून ऑगस्टमध्ये येणार असाल तर दुसरं शिखर बघा. दोम ग्लेशियरवर हिवाळ्यातला बर्फ जोवर जाड आहे तोवर भेगा झाकलेल्या आणि पूल मजबूत असतात, तो वितळला की वरच्या भागात अशा आडव्या भेगा उघडतात की वाटच तुटते. अलीकडच्या गरम उन्हाळ्यांत हे जुलैच्या उत्तरार्धातच व्हायला लागलंय आणि मग हटसुद्धा लवकर बंद होतं, कारण वर जाणारंच कोणी नसतं. २०२२ चा उन्हाळा आठवत असेल, ३ जुलैला डोलोमाइट्समध्ये मार्मोलादावर ग्लेशियरचा तुकडा कोसळून ११ जण गेले आणि त्याच महिन्यात माँ ब्लांच्या नेहमीच्या वाटांवरही गाईड लोकांनी काम थांबवलं होतं.

तारीख ठरवताना हवामानाच्या रिपोर्टमध्ये पाऊस आणि वाऱ्याबरोबर एक आकडा नक्की बघायचा, शून्य अंशाची उंची. म्हणजे हवेत कितव्या मीटरला तापमान शून्यावर येतं. २५ जुलै २०२२ ला स्वित्झर्लंडवर हा आकडा ५१८४ मीटर मोजला गेला, आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये ५२९८, म्हणजे अख्ख्या आल्प्सच्या डोक्यावरून वर. हा आकडा ३५०० च्या आसपास किंवा खाली असेल तर मस्त, ४००० च्या पुढे असेल तर विचार करा, ४५०० च्या पुढे असेल तर कुर्मायरमध्ये जिलातो खा. पण नुसता आकडा पुरत नाही. आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग रात्री आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी वरचा थर कडक गोठतो. ढग असतील तर ती उष्णता अडकते आणि हवा गार असूनही बर्फ ओलाच राहतो. म्हणून ढगाळ आणि उबदार रात्र ही या वाटेसाठी सगळ्यात वाईट रात्र, भले सकाळी ऊन पडणार असो. रात्री हटच्या बाहेर येऊन बुटाने बर्फ ठोकून बघा, पाय आत गेला तर परत जाऊन झोपा, खरंच सांगतो.

वाऱ्याचं सोपं आहे, ४००० मीटरवर ताशी ५० किलोमीटरच्या पुढे वारा सांगितला असेल तर वरची धार करायची नाही.

उंचीची सवय करून घ्यायला माझ्या मते ग्रान पाराडिझोसारखं दुसरं काही नाही. ४०६१ मीटर, पूर्णपणे इटलीच्या हद्दीत असलेलं एकमेव चार हजारी, आणि कुर्मायरपासून तासा-दीड तासाच्या ड्राइव्हवर वालसावारांश खोऱ्यात. तिथेही दोन बाजू आहेत, व्हित्तोरिओ इमानुएले हटवरून गर्दी जाते आणि शाबो हटवरून थोडे लोक ग्लेशियरने जातात. शाबोवरून करा, म्हणजे दोरी बांधून भेगांच्या ग्लेशियरवर चालायचा सराव त्याच ग्रुपबरोबर होईल, कोण किती वेगाने चालतं, कोणाचं डोकं दुखतं, कोण दोर ढिला सोडतं हे सगळं तिथेच कळेल. हटला शक्यतो दोन रात्री काढा. मग खाली येऊन एक दिवस आराम, नीट जेवण, भरपूर झोप, आणि मग माँ ब्लां. विमानातून उतरून थेट गोनेला गाठणारे लोक असतात, त्यातले बरेच शिखराखालच्या वालो खोपटाच्या आधीच ओकत बसलेले दिसतात.

सामानाची लांब यादी देत नाही, फक्त जिथे लोक घोळ घालतात ते सांगतो. क्रॅम्पॉन स्टीलचे, बारा दातांचे, आणि बुटाला घरीच बसवून बघितलेले. भाड्याने घेतलेले बूट आणि भाड्याने घेतलेले क्रॅम्पॉन पहिल्यांदा हटच्या दारात एकमेकांना भेटवू नका. ॲल्युमिनियमचे हलके क्रॅम्पॉन इथे नको, हटच्या आधी आणि वर धारेवर दगडावरून चालावं लागतं, दात बोथट होतात. आइस ॲक्स एक, साधी. हेल्मेट हवंच. आइस स्क्रू प्रत्येकी एक-दोन, प्रुसिकचे (दोराला घट्ट पकडणाऱ्या गाठीचे) दोन लूप, स्लिंग, कॅराबिनर, एखादी पुली. चष्मा कॅटेगरी चारचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होऊन बसाल. ग्लोव्हजचे दोन जोड, त्यातला एक जाड. जुलैतही पहाटे शिखरावर उणे दहा असू शकतं आणि वर वारा. हेडटॉर्चच्या सेलचा जादा सेट, कारण अर्धी चढाई अंधारातच आहे.

दोर ५० मीटरचा घ्या. तिघं असाल तर उत्तम, मध्ये प्रत्येकी दहा मीटरच्या आसपास अंतर ठेवायचं आणि उरलेला दोर दोन्ही टोकांच्या लोकांनी सॅकमध्ये किंवा अंगावर गुंडाळून ठेवायचा, तोच रेस्क्यूला लागतो. दोघंच असाल तर अंतर वाढवून पंधरा मीटर करा आणि मधल्या दोरात तीन-चार बटरफ्लाय गाठी मारा. एक आत पडला की दोर भेगेच्या कडेच्या बर्फात घुसतो आणि या गाठी तिथे अडकून ब्रेक लागतो, एकट्या माणसाला दुसऱ्याचं वजन नुसत्या ताकदीवर थांबवता येत नाही. हाच दोर मग वर ओढताना गाठींमुळे अडकतो, म्हणून दुसरा, गाठी नसलेला भाग खाली सोडायची सिस्टीम यायला हवी. दोर बर्फाला जेमतेम टेकेल इतका ताणलेला ठेवायचा, हातात वेटोळी घेऊन चालणारे पार्टनर असतील तर त्यांना प्रेमाने सांगा, नाही ऐकलं तर ओरडून सांगा.

पहिला दिवस. उन्हाळ्यात कुर्मायरवरून वाल वेनीत बस जाते, ती ला विझायला सोडते, साधारण १६५० मीटरवर. तिथून कोंबालच्या सपाट पाणथळ भागापर्यंत रस्ताच आहे, टूर द्यु माँ ब्लां करणारे लोक भेटतील, फोटो काढतील, त्यांच्याशी बोलून घ्या कारण पुढे माणूस क्वचित दिसतो. कोंबालवरून उजवीकडे मियाज ग्लेशियरच्या मोरेनवर, म्हणजे ग्लेशियरने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगावर, चढायचं. आणि इथे पहिला धक्का बसतो, की ग्लेशियर म्हणून जे मनात असतं तसं काही नाहीच, समोर किलोमीटरच्या किलोमीटर नुसते दगड. पांढरं काही नाही. बर्फ खाली आहे, वर दगडांचा थर, फुटभर ते काही ठिकाणी त्याहून कितीतरी जाड, आणि या थरामुळेच खालचा बर्फ इतक्या खालच्या उंचीपर्यंत टिकून आहे. आपल्याकडच्या घसाऱ्यावर चालायची सवय असलेल्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटेल, फरक एवढाच की इथला प्रत्येक दगड बर्फावर ठेवलेला आहे, तो स्थिर वाटतो आणि पाय दिला की सरकतो.

मियाजवर ठळक पायवाट नाही. मधून मधून दगड रचून ठेवलेले दिसतील, कुठे रंगाच्या खुणा, पण ग्लेशियर सरकतो त्यामुळे खुणाही सरकतात. तत्त्व सोपं आहे, कडेच्या खड्ड्यांत आणि उंचवट्यांत न अडकता लवकरात लवकर मधल्या सपाट पट्ट्यावर यायचं आणि मग तो पट्टा धरून वर जात राहायचं. मियाजच्या तळ्याजवळ बर्फाच्या कड्याखाली जाऊन फोटो काढू नका, तो कडा अधूनमधून तुटून पाण्यात पडतो. दोन-अडीच तास असं चाललं की उजव्या हाताला आधी एक ग्लेशियर खाली येताना दिसतो, मग दुसरा, हा दुसरा म्हणजे दोम ग्लेशियर, उद्याची वाट. त्याच्या तोंडापाशी वळायचं नाही, ते ओलांडून पुढे साधारण २६०० मीटरच्या आसपास उजवीकडे वळायचं आणि एग्वी ग्रीझ या खडकाळ सुळक्यांच्या खालच्या उतारावर चढायचं. इथे बर्फाचे पट्टे असतात, दगडी टप्पे असतात, कठीण जागी दोर आणि साखळ्या लावल्यात. दुपारच्या उन्हात वरून दगड सुटतात, त्यामुळे हेल्मेट इथेच घाला आणि ला विझायवरून सकाळी लवकर निघा. एकूण पाच ते सहा तास. जून महिन्यात बर्फाच्या पट्ट्यांवर क्रॅम्पॉन लागू शकतात, सॅकच्या तळाशी टाकू नका.

गोनेला हट ३०७१ मीटरवर आहे. इथलं पहिलं हट १८९१ मध्ये बांधलं गेलं, म्हणजे त्या पाद्री मंडळींच्या उतरण्यानंतर वर्षभरातच, आताची इमारत २०११ ची. बुकिंग फोनवर किंवा त्यांच्या साइटवर होतं आणि गूतेच्या मानाने सहज मिळतं, पण फोन करायचं खरं कारण बेड नाहीये. फोन करून विचारायचं, की ग्लेशियर कसा आहे, मागच्या दोन दिवसांत कोणी गेलं होतं का, वरचे पूल आहेत का. हटचा सांभाळ करणाऱ्यांना हे सगळ्यात चांगलं माहीत असतं आणि ते नाही म्हणाले तर नाही, उगाच आमचं विमानाचं तिकीट आहे वगैरे सांगत बसू नका. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, पास्ता, मिनेस्त्रोने सूप, पोलेंता आणि चीज यात निभावतं. झोपायची लायनर (पातळ चादरीची पिशवी) स्वतःची, रोख युरो जवळ ठेवा, कार्ड चालेलच असं धरू नका. पाणी वितळलेल्या बर्फाचं असतं, बाटलीचं विकत घ्यावं लागलं तर किमतीवरून वाद घालू नका, ते हेलिकॉप्टरने आलेलं असतं.

दुपारी पोचलात की बूट काढायच्या आधी एक काम, अजून उजेड आहे तोवर हटच्या मागून दोम ग्लेशियरवर उतरायची जागा बघून या. रात्री बाराला टॉर्चच्या उजेडात ती जागा शोधण्यात लोकांचा पाऊण तास जातो आणि तो पाऊण तास दुपारी बारा वाजता महागात पडतो. पहिल्या भागाचा फोटो काढून ठेवा, भेगांच्या रेषा कुठे आहेत, आदल्या ग्रुपचा ट्रॅक कुठून जातोय. मग जेवण, आणि सात-साडेसातला आडवं व्हायचं. झोप येत नाही, कोणालाच येत नाही, पडून राहिलं तरी चालतं.

रात्री बारा, उशिरात उशिरा एक. हटमधून निघाल्यावर थोडं आडवं जाऊन ग्लेशियरवर पाय ठेवायचा आणि तिथेच दोरी बांधायची, पुढे जाऊन बघू असं नाही. दोम ग्लेशियर खाली बऱ्यापैकी सरळ आहे, मग मध्ये आणि वर भेगांचा पट्टा येतो. सर्वसाधारण दिशा चढताना डाव्या बाजूची, पण नेमकी वाट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे कोणाचा मागच्या वर्षीचा जीपीएस ट्रॅक मोबाइलमध्ये घेऊन डोळे झाकून चालू नका, त्या ट्रॅकवर आता भेग असेल. भेगांना काटकोनात जायचं, म्हणजे एका वेळी एकच माणूस पुलावर येतो. भेगेच्या दिशेने चाललात तर तिघंही एकाच पोकळीवर उभे असता आणि मग दोरीचा उपयोग शून्य. पूल आला की पुढच्याने ॲक्सचा दांडा खुपसत जायचं, मागच्याने दोर ताणून तयार उभं राहायचं, तो पलीकडे गेला की पुढचा. कंटाळवाणं आहे. थांबून थंडी वाजते. तरी प्रत्येक पुलाला हेच करायचं. आणि इथेच या वाटेची किंमत कळते, गूतेच्या बाजूला शंभर लोकांनी तुडवलेला हायवे असतो, इथे पुढे कोणाचा टॉर्च दिसत नाही, दिसलाच तर तुमच्याच पार्टनरचा.

ग्लेशियरच्या वरच्या टोकाला डावीकडे एग्वी ग्रीझची खिंड, साधारण ३८१० मीटर. खिंडीत चढायचा शेवटचा उतार सगळ्यात उभा आहे आणि तिथे एक मोठी भेग आडवी असते, बर्फ कमी असेल तर तीच अडवते. इथे घड्याळ बघा. पाच वाजून गेले असतील आणि अजून खिंड दिसत नसेल तर वळा. ग्लेशियर अजून कडक आहे, झोपायला हट आहे, काही बिघडलेलं नाही.

खिंडीतून पुढे वाट धारेवर येते, दगड आणि बर्फ मिसळलेली, आणि पितों देझ इतालियांपर्यंत जाते, ४००२ मीटर. इथे सरहद्दीची मुख्य धार मिळते, डावीकडे बियोनासेचं ते भयंकर सुंदर टोक आणि उजवीकडे आपली वाट, दोम द्यु गूतेच्या दिशेने. हा तुकडा अरुंद आहे, दोन्ही बाजूंना खोल, काही ठिकाणी पावलापुरताच. ग्लेशियरवरचं दहा मीटरचं अंतर इथे कामाचं नाही, दोर कमी करायचा, आणि एकजण एका बाजूला घसरला तर दुसऱ्याने विचार न करता दुसऱ्या बाजूला उडी टाकायची. ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण सपाट धारेवर अँकर नसताना तोच उपाय आहे. निघायच्या आधी हे एकमेकांशी बोलून ठेवा. धारेच्या कडेला वाऱ्याने लोंबलेला बर्फाचा छज्जा असू शकतो, त्याच्या अगदी टोकावरून चालू नका. सूर्य साधारण इथेच उगवतो, फोटो काढायचा मोह होईल, एक काढा आणि चला.

दोम द्यु गूते ४३०४ मीटर, रुंद गोल टेकाड, त्याच्या माथ्यावर जायची गरज नाही, कडेने वळसा घालता येतो. धुकं असेल तर मात्र हीच जागा फसवी, सगळीकडे सारखंच पांढरं, म्हणून उतरण्याच्या दृष्टीने इथला पॉइंट जीपीएसमध्ये नक्की सेव्ह करा. पलीकडे खिंडीत उतरलात की अचानक माणसं. गूतेवरून येणारी रांग इथे मिळते आणि इथून शिखरापर्यंत तुमची शांतता संपली. वालोचं पत्र्याचं खोपटं ४३६२ मीटरवर आहे, फक्त इमर्जन्सीसाठी, आत घाण असते, नाक दाबून बसावं लागतं, पण वादळात त्याने जीव वाचवलेत. त्यापुढे बॉसची धार, दोन उंचवटे आणि मग लांब, रुंद होत जाणारा शेवट. समोरून उतरणारे लोक येतील, बाजू देताना डोंगराच्या कोणत्या अंगाला उभे आहात ते बघा, घाईत असलेल्यांना जाऊ द्या.

शिखराची उंची दर दोन वर्षांनी फ्रेंच सर्व्हेवाले मोजतात कारण वर बर्फाची टोपी आहे आणि वाऱ्याप्रमाणे ती कमीजास्त होते, २०२१ ला ४८०७.८१ होती, २०२३ ला ४८०५.५९. शिखर नेमकं कोणत्या देशाचं यावर दोन्हीकडचे नकाशे आजही वेगवेगळं दाखवतात, त्यामुळे पहिल्यांदा पाऊल कुठल्या देशात ठेवलं याचा वाद तुम्हीही ग्रुपमध्ये घालू शकता. पंधरा मिनिटं पुरेत.

आता उतरणं, ज्याचं प्लॅनिंग तुम्ही घरीच केलेलं असायला हवं. तीन पर्याय आहेत. पहिला, आल्या वाटेने. हा तेव्हाच, जेव्हा रात्र कडक गोठली होती, ग्रुप वेगवान आहे आणि तुम्ही साधारण आठ वाजेपर्यंत शिखर सोडलंय, म्हणजे दहा-साडेदहाला एग्वी ग्रीझच्या खिंडीत आणि दुपार चढायच्या आत भेगांच्या पट्ट्याखाली. उतरताना सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी ठेवा, पुढचा माणूस पूल तुटून आत पडला तर त्याला तोच थांबवणार. हटवर पोचून त्याच दिवशी मियाजवरून ला विझायपर्यंत जाण्याचा अट्टहास नको, दुसरी रात्र तिथेच काढा.

दुसरा पर्याय, गूतेच्या बाजूने फ्रान्समध्ये. बहुतेक ग्रुपना मी हाच सुचवेन, पण एका अटीवर, की गूते हटमध्ये (३८३५ मीटर) किंवा तेत रूसमध्ये रात्रीचं बुकिंग आधीच केलेलं असेल. म्हणजे हो, ज्या बुकिंगची कटकट टाळायला इकडून आलात तीच थोडी करावी लागते. बुकिंग असेल तर दुपारी गूतेत थांबायचं, आणि ती दगडांची नाळ दुसऱ्या दिवशी पहाटे, सगळं गोठलेलं असताना ओलांडायची. दमलेल्या पायांनी भर दुपारी ती नाळ ओलांडणं हे माझ्या मते या अख्ख्या डोंगरावरचं सगळ्यात वाईट काम आहे, आणि बहुतेक अपघात तिथेच का होतात ते नाळेच्या काठावर पाच मिनिटं उभं राहून दगडांचा आवाज ऐकला की समजतं. तिथून तेत रूस, मग नी देग्ल स्टेशन आणि ट्रेन. ट्रेन कुठल्या स्टेशनपर्यंत चालू आहे आणि शेवटची कधी हे आधी बघून ठेवा, चुकली तर गुडघ्यांना आणखी हजार-बाराशे मीटर.

तिसरा, माँ मोदी आणि ताक्युल या शेजारच्या शिखरांवरून एग्वी द्यु मिदीच्या केबल कारला. दिसायला भारी, पण मध्ये उभा बर्फाचा उतार आहे, वर लटकणारे सेरॅक (बर्फाचे मोठे ठोकळे) आहेत, आणि शेवटी केबल कार गाठायला परत चढ. आधी ती बाजू केलेली नसेल तर सोडून द्या.

कागदपत्रांचं पटकन. शेंगेन व्हिसा असला की वर सरहद्द ओलांडायला वेगळं काही लागत नाही, पण पासपोर्टची कॉपी सॅकमध्ये ठेवा कारण उतराल दुसऱ्या देशात. इन्शुरन्समध्ये ग्लेशियरवरची चढाई आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू दोन्ही स्पष्ट लिहिलेलं हवं, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत ते नसतं. जर्मनी, स्वित्झर्लंडला राहणारे आपले लोक अल्पाइन क्लबची मेंबरशिप घेतात, त्यात हटला सवलतही मिळते. इमर्जन्सी नंबर दोन्हीकडे ११२. मियाजवर आणि दोम ग्लेशियरवर मोबाइलला रेंज असेलच असं धरू नका, सॅटेलाइट मेसेंजर असेल तर घ्या.

आणि फ्रान्सच्या बाजूने उतरणार असाल तर दोन गोष्टी. गोनेलात काहीही ठेवून जायचं नाही, चपला नाही, लायनर नाही, तुम्ही परत तिथे येणार नाही आहात. आणि गूतेत पोचल्या पोचल्या गोनेलाला फोन किंवा मेसेज करा की आम्ही सगळे सुखरूप पलीकडे उतरलोय, नाहीतर तिकडे संध्याकाळी कोणीतरी दुर्बीण घेऊन ग्लेशियरकडे बघत बसतं आणि अंधार पडायला लागला की रेस्क्यूला कळवायचं का यावर चर्चा सुरू होते.